दहा सेकंदांची मुदत

हे वाचताना कॉम्प्युटर बंद असू द्या. घरातला तो जुना, विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वर चालणारा, टेबलाखाली सीपीयू ठेवलेला. हल्ली सुरू होताना तो वाटेतच अडतो. पडद्यावर इंग्रजी ओळी येतात: तुमच्या एका डिस्कची तपासणी व्हायला हवी, ती रद्द करता येईल, पण होऊ द्यावी हे उत्तम. खाली दहापासून आकडे उतरू लागतात. तेवढ्या वेळात कुठलंही बटण दाबलं तर तपासणी टळते. नाही दाबलं तर सुरू होते.

या दहा सेकंदांत बहुतेक घरांत घाईच होते. कुणाला काहीतरी प्रिंट काढायचं असतं, बटण दाबलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओळी. किंवा त्या वेळी समोर कुणी नसतं, तपासणी आपली आपण सुरू होते, एका आकड्यावर थिजते, आणि तासाभराने वैतागून कुणीतरी मागचा स्विचच बंद करतं. विचार करायला दोन्हीकडे सवड नसते. ती सवड आज काढू. कागद-पेन जवळ घ्या आणि निवांत बसा.

पहिला प्रश्न मनाशी धरा. त्या डिस्कवरचं काय गेलं तर पुन्हा कुठूनही मिळणार नाही?

विंडोज पुन्हा टाकता येतं. सिनेमे, गाणी पुन्हा मिळतात. ते सगळं मनातून बाजूला सारा आणि मागे काय उरतं ते बघा. पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातले बारशाचे फोटो, ज्यांच्या प्रिंट काढायच्या राहूनच गेल्या. आजोबांनी निवृत्तीनंतर एका बोटाने टाइप केलेल्या आठवणी. सोसायटीचे हिशेब, जमिनीच्या दाव्याची टिपणं, कुणाचा तरी अर्धवट प्रबंध. एकेक आठवेल तसं लिहून काढा. डेस्कटॉप विसरू नका. घरातली वडीलधारी माणसं सगळं तिथेच ठेवतात, आणि तो भाग विंडोजच्याच ड्राइव्हवर, म्हणजे बहुधा सीवर असतो.

मराठीत लिहिलेल्या फाइली असतील तर इथे जरा जास्त रेंगाळा. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत लिहीत होतो. त्या फाइलींत देवनागरी अक्षरं साठवलेलीच नाहीत. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा साठवल्या आहेत, आणि त्या जागी मराठी वळण दाखवण्याचं काम फॉन्ट करतो. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर आजोबांच्या आठवणी उघडतील, पण दिसेल निव्वळ चिन्हांचा चुरा. म्हणून यादीत विंडोजच्या फोल्डरातला फॉन्ट्स हा फोल्डरही लिहा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दुकानात डेटा काढून देणारा मुलगा तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट्स नीट देईल, फॉन्ट मात्र त्याच्या ध्यानीमनी नसतील.

यादी झाली? मग आता त्या पेटीच्या आत जाऊ.

आत तबकड्या फिरत असतात. घरगुती डेस्कटॉपची डिस्क साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारं टोक तबकडीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. त्याखाली जुन्या डिस्कांवर ५१२ बाइटांचे तुकडे, सेक्टर, वर्तुळांत मांडलेले. प्रत्येक तुकड्यासोबत चूक ओळखण्याचे आणि सुधारण्याचे जादा अंक असतात. तुकडा धड वाचता आला नाही तर डिस्क लगेच हार मानत नाही. तबकडीच्या पुढच्या फेऱ्याला पुन्हा वाचते, टोक किंचित सरकवून पुन्हा, आणि असं कित्येक सेकंद चालू शकतं. खराब तुकडे एकापाशी एक असले की प्रत्येकापाशी हीच धडपड होते. पडद्यावर थिजलेला तो आकडा बहुतेक वेळा याच धडपडीचा असतो. सीपीयूवरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असं समजा.

या धडपडीकडे जरा वेळ लक्ष लागू द्या. थकलेली डिस्क तुमचा फोटो वाचायचा प्रयत्न पुनःपुन्हा करते आहे, आणि प्रत्येक प्रयत्नाने तिची झीजही होते आहे. तिच्यात किती वाचनं शिल्लक आहेत हे आधी कळत नाही. मग ती वाचनं कशावर खर्च करायची, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

आता तपासणी नेमकी कशाची होते ते पाहू. गावची जमीन वेगळी आणि तलाठ्याचं दप्तर वेगळं. सातबारावर नाव बरोबर असलं म्हणून शेत पिकतंच असं नाही, आणि शेत पिकतं आहे म्हणून दप्तर बरोबरच असेल असंही नाही. डिस्कवरही ही दोन्ही असतात. एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलीची नोंद एका मोठ्या तक्त्यात असते: नाव काय, कुठल्या जागा तिच्या, कुणाला वाचायची मुभा. ही तपासणी करणारं विंडोजचं चेकडिस्क पहिल्या तीन टप्प्यांत हे दप्तर तपासतं. आधी फाइलींच्या नोंदी, मग फोल्डरांच्या अनुक्रमणिका, मग परवानग्या. त्याच्या आज्ञेपुढे स्लॅश एफ लावला तर सापडलेल्या चुका दुरुस्तही करतं. काहीच न लावता चालवलं तर फक्त वाचून सांगतं. स्लॅश आर लावला तर आणखी दोन टप्पे येतात आणि तेव्हा कुठे खरी जमीन चालून पाहिली जाते. चौथ्यात फाइलींनी व्यापलेली, पाचव्यात मोकळी. तास न् तास जातात ते इथेच.

दप्तरात दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध निघाल्या तर चेकडिस्क काय करतं? दप्तर सुसंगत होईल असा निर्णय घेतं. त्या निर्णयात तुमच्या बारशाच्या फोटोला काही वजन नाही. नोंद जुळत नसेल तर ती काढून टाकली जाईल, बेवारस तुकडे फाउंड डॉट ००० नावाच्या दडवलेल्या फोल्डरात सीएचके अशा फाइली होऊन जमा होतील. यात प्रोग्रामचा दोष नाही. त्याला विंडोज सुरळीत चालेल अशी व्यवस्था लावायची असते, आणि ते काम तो चोख करतो. पण तुमची यादी त्याच्यापाशी नाही. ती तुमच्या हातातल्या कागदावर आहे.

इथे थांबा आणि हे पक्कं बसू द्या: नक्कल आधी, दुरुस्ती नंतर.

म्हणजे उद्या मशीन सुरू केलंत आणि दहा सेकंदांचे आकडे उतरू लागले, तर नक्कल काढून झालेली नसताना बटण दाबायला हरकत नाही. विंडोज उघडू द्या, बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडा आणि यादीप्रमाणे घ्या. परत न मिळणारं सर्वांत आधी. कागदपत्रं लहान असतात, ती पहिल्या काही मिनिटांत निघतात. लग्नाचे व्हिडिओ त्यानंतर. एखादी फाइल अडली तर तिच्यामागे लागू नका, पुढची घ्या. विंडोज उघडतच नसेल तर लिनक्सची लाइव्ह सीडी किंवा पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करता येतं. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम आधी वाचता येतं तेवढं सगळं उचलतो आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. थकलेल्या डिस्कशी वागायची याहून समजूतदार रीत मला माहीत नाही.

एक अपवाद. पेटीला कान लावा. टक्‌, टक्‌ असा ठरावीक अंतराने ठोका ऐकू येत असेल, तर ना नक्कल, ना तपासणी. मशीन बंद करा. आतलं टोक किंवा ते हलवणारा भाग बिघडलेला असण्याची शक्यता मोठी, आणि फिरवत राहिलात तर तबकडीवर ओरखडे पडतात. डेटा खरोखर मोलाचा असेल तर तो तज्ज्ञाकडेच जाऊ दे.

नक्कल हाती आली की मन बरंच सैल होतं. आता पुढचा प्रश्न विचारता येईल: तपासणीच्या त्या ओळी रोज का येतात?

प्रत्येक ड्राइव्हवर एक छोटी खूण असते, तिला डर्टी बिट म्हणतात. काम अर्ध्यात तुटलं किंवा दप्तरात गडबड आढळली की विंडोज ती खूण उठवतं. सुरू होताना खूण दिसली की तपासणीचा प्रस्ताव येतो, आणि तपासणी नीट पूर्ण झाल्यावरच खूण पुसली जाते. दर वेळी बटण दाबून तपासणी टाळली तर ती रोज विचारली जाणारच. 'सीएचकेएनटीएफएस' आज्ञेला स्लॅश एक्स जोडून हा प्रश्न बंद करता येतो, आणि पुष्कळ ठिकाणी हाच उपाय म्हणून सांगितला जातो. मला तो पटत नाही. खूण तशीच राहते, फक्त तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आपल्याकडे या खुणेचं सर्वांत जुनं कारण म्हणजे लाइट जाणं. विंडोज ९८ च्या काळात निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क यायचं आणि विंडोज नीट बंद केलं नाही असं आपल्यालाच सुनवायचं. भारनियमनाच्या त्या वर्षांत किती मुलांनी हा ठपका निमूट वाचला असेल! त्यांनी काही केलेलं नव्हतं. आजही जुन्या यूपीएसची बॅटरी संपलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

तपासणी पूर्ण होऊनही खूण परत येत असेल तर डिस्कलाच विचारा. स्मार्ट नावाची सोय डिस्क स्वतः सांभाळते, आणि ते आकडे दाखवणारे मोफत प्रोग्राम आहेत. पाचव्या क्रमांकापुढे बदललेल्या सेक्टरांची मोजदाद असते, १९७ पुढे वाचता न आल्यामुळे टांगणीला लागलेल्या सेक्टरांची. हे दोन आकडे आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर डिस्क जाते आहे. मात्र १९९ चा आकडा वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील तर मन हलकं करा, कारण तो बहुधा केबलच्या चुकांचा असतो. मशीन बंद करून, प्लग काढून, केबल दोन्ही टोकांना नीट बसवा किंवा बदला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही टोकं काळवंडतात.

एक्सपीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. आयडीई डिस्कशी बोलताना सहापेक्षा जास्त चुका साठल्या की एक्सपी बोलण्याचा वेग पायरीपायरीने उतरवतं आणि शेवटी पीआयओ या अतिसावकाश पद्धतीवर येऊन बसतं. मग सगळं मशीन रखडतं, तपासणी संपता संपत नाही, आणि डिस्क मात्र धडधाकट असू शकते. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनेल काढून मशीन पुन्हा सुरू केलं की एक्सपी त्याला नव्याने ओळखतं आणि वेग परत येतो.

आता तपासणीला बसा. यूपीएस किंवा इन्व्हर्टर चालतो याची खात्री करा, वीज जाण्याचा दिवस टाळा, रात्री सुरू करा. दहा सेकंद उतरू द्या, हात मांडीवर असू द्या. टप्पे पुढे सरकतील, मध्येच थांबतील. दुरुस्ती चालू असताना स्विच बंद केला तर दप्तर अर्धवट लिहिलेलं राहतं. आता ती वाट पाहणं जड जाणार नाही, कारण हवं ते सगळं बाहेर आलेलं आहे. झोपलात तरी चालेल.

सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन विभाग उघडा. एक्सपीत विनलॉगऑन आणि विंडोज ७ मध्ये विनइनिट या नावाखाली अहवाल असतो. त्यात खराब सेक्टरांतले किलोबाइट अशी एक ओळ असते. ती शून्य असेल आणि स्मार्टचे ते दोन आकडेही वाढत नसतील, तर हीच डिस्क अजून वापरता येईल. शून्य नसेल, आणि पुढच्या तपासणीत वाढली, तर ती बदला. चेकडिस्क खराब जागेवर खूण करून ती वापरातून काढतं. तबकडी पूर्ववत करणं कुठल्याच प्रोग्रामच्या हातात नाही.

आणि डिस्क दुकानात न्यायची वेळ आलीच, तर तिथे बहुधा एक वाक्य ऐकू येईल: फॉरमॅट मारून देतो, नवीन होईल. तुमची यादी त्यांच्यापुढे ठेवा, फॉन्टचा फोल्डर बोटाने दाखवा, आणि आधी नक्कल काढून, ती उघडून दाखवल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका.