चारशे दिरहमची उंटीण

पुतणी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला, चाचा शाळेतून निवृत्त झालेले. विषय तिनेच काढला.

"चाचा, हे दोन निवाडे मला जुळवता येत नाहीत. मक्का जिंकली त्या सुमारास मखझूम घराण्यातल्या एका बाईने चोरी केली. घराणं बडं, म्हणून लोकांनी पैगंबरांच्या लाडक्या उसामांना रदबदलीला पाठवलं. पैगंबर संतापले. बड्यांना सोडून दुबळ्यांना शिक्षा करत गेल्यानेच आधीचे लोक बुडाले, असं त्यांनी सुनावलं. चोर त्यांची लेक फातिमा असती तरी तिचा हात तोडला असता, म्हणाले. मग पुढे खलिफा झालेले हजरत उमर चोरी करणाऱ्या गुलामांना कसे सोडतात?"

"गोष्ट पुरती सांग. इमाम मालिकांच्या 'मुवत्ता' या हदीससंग्रहात आहे ती."

"पैगंबरांचे सहकारी हजरत हातिब यांच्या गुलामांनी मुझैना टोळीतल्या एकाची उंटीण चोरून कापली. उमरनी आधी हात तोडायचा हुकूम दिला. मग मालक यांना उपाशी ठेवतो हे ध्यानात आलं आणि शिक्षा हातिबकडे वळली."

"आणि उंटीणवाला? त्याला किंमत विचारली. 400 दिरहमला मागितली होती, तरी दिली नव्हती, म्हणाला. उमरनी हातिबना 800 भरायला लावले. मला यातलं हेच मोलाचं वाटतं. गुलामांवर दया केली, पण तिचा भुर्दंड ज्याचं जनावर गेलं त्याच्यावर पडू दिला नाही. ज्याने उपाशी ठेवलं त्यानेच भरलं."

"पण दुप्पट का? मालिक स्वतःच नोंदवतात की दुप्पट घ्यायची आमच्याकडे रीत नाही, जनावराची त्या दिवशीची किंमत घ्यायची. शिवाय आकस नव्हता कशावरून? हातिबनी मक्केतल्या शत्रूंना गुप्त पत्र धाडलं तेव्हा त्यांची मान उडवायची परवानगी उमरच मागत होते."

"आणि बद्रच्या लढाईत लढलेला माणूस म्हणून पैगंबरांनी त्यांना माफ केलं होतं. कुणाच्या द्वेषापायी न्याय सोडू नका, असं कुरआनच्या पाचव्या सूरेत बजावलंय. उमरच्या मनातलं मी कसं सांगू? इथे बद्रची पुण्याई हातिबच्या कामी आली नाही, एवढं दिसतं. मखझूमी बाईसाठी पुढे केली ती घराण्याची पत. भुकेचं नाव कुणी काढलं नव्हतं. गुलामांसाठी बोलायला कुणीच नव्हतं, म्हणून न्यायाधीशालाच त्यांची पोटं बघावी लागली. दोन्हीकडे वजनदार माणसाला सूट नाही. मला तरी हे निवाडे एकाच दिशेचे वाटतात."

"उद्या प्रत्येक चोर भूक सांगेल."

"सांगू दे. खरी की खोटी, ते तपासायलाच तर काझी बसवलाय."

"पण चाचा, ते गुलाम कुठे गेले? त्याच घरी ना?"

चाचा थोडे थांबले. "गुलाम सोडवणं हा जकातीच्या आठ खर्चांपैकी एक, नवव्या सूरेत आहे. पण या हकिकतीत त्यांची सुटका झाल्याचा उल्लेख नाही."

"म्हणजे उंटीणवाल्याला पुरा न्याय मिळाला, त्यांना अर्धाच."

"हो. अर्धाच मिळाला."