किळस आणि नीती

अमुक एक पदार्थ खावा की न खावा, याचा निर्णय आपण बुद्धीने करतो, अशी आपली समजूत असते. वास्तविक नाक आणि जीभ तो निर्णय आधीच देऊन मोकळी होतात. बुद्धी मागाहून त्यावर शिक्का उमटवते. आमच्यासारख्या सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्यांना ही कार्यपद्धती अपरिचित नाही. परंतु किळस हा नीतीचा पुरावा मानावा काय? आपल्या पंगतीपासून दूरचे एखादे उदाहरण घेतले, तर या प्रश्नाकडे थोडे तटस्थपणे पाहता येईल.

अमेरिकेत रॅकून नावाचा एक निशाचर प्राणी आहे. मांजरापेक्षा मोठा, शेपटीवर वलये, डोळ्यांभोवती चोराने बुरखा बांधावा तसा काळा पट्टा आणि पुढचे पंजे माणसाच्या हातांसारखे चपळ. त्या देशाच्या दक्षिण भागात त्याचे मांस खाण्याची जुनी रीत आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांना मालकाकडून मिळणारा शिधा अपुरा असे. दिवस मालकाचा, शिकारीला रात्रच तेवढी उरे. म्हणून रात्री हिंडणारे रॅकून आणि ओपॉसम हे प्राणी त्यांच्या वाट्याला आले. गरीब गोऱ्यांच्या चुलीवरही तेच शिजे.

हे मांस रांधणे कष्टाचे काम आहे. उग्र वासाची चरबी खरवडून काढायची, पुढच्या पायांखालच्या आणि पाठीलगतच्या ग्रंथी कापून टाकायच्या, मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे, मंद आचेवर शिजवायचे आणि मग रताळ्यांसह भट्टीत भाजायचे. या प्राण्याच्या अंगी कृमी व रोगजंतू असू शकतात, त्यामुळे ते कच्चे राहून चालत नाही. इतक्या खटाटोपाने जे अन्न सिद्ध होते, त्याला केवळ रानटीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

या व्यवहारातील एक प्रथा मोठी बोलकी आहे. सोललेला रॅकून विकताना त्याचा एक पंजा तसाच ठेवतात. हे मांजर किंवा कुत्रे नव्हे, अशी गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून! म्हणजे रॅकून आवडीने खाणाऱ्यालाही मांजराची किळस आहेच. सीमारेषा प्रत्येकाची असते. ती कोठे आखायची, एवढाच फरक. १९२६ साली थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीसाठी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्याकडे मिसिसिपीहून एक जिवंत रॅकून भेट म्हणून आला. त्या कुटुंबाने तो शिजविला नाही. रिबेका असे नाव ठेवून पाळला. प्राणी तोच, एका घरी अन्न, दुसऱ्या घरी लाडके जनावर.

मग सारेच क्षम्य आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. किळस बाजूला सारल्यावरच खरे प्रश्न पुढे येतात. प्राणी मारण्याची गरज होती काय? त्याला किती यातना झाल्या? मारल्यावर किती वाया गेले? त्याची जात टिकून आहे काय? १९२० च्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांत रॅकूनच्या कातड्याच्या लांब कोटांची टूम निघाली होती. कोटाने कोणाचे नाक मुरडले नाही; पण नीतीच्या तराजूत तो कोट भुकेल्याच्या ताटापेक्षा हलकाच ठरेल. ग्वाल्हेरकरांना यासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. शिवपुरीचे जंगल, जेथे आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे, ते संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेले होते. तेथे मारलेला वाघ कोणाच्या पोटात गेला नाही. तो दिवाणखान्यात गेला. त्या तसबिरींकडे आपण कौतुकाने पाहत आलो, आणि पोटासाठी ससा-तितर धरणाऱ्या फासेपारध्याला मात्र गावाबाहेर ठेवीत आलो.

महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध मिथिलेत मांस विकत असे. तो स्वतः मात्र प्राणी मारीत नसे आणि मांस खातही नसे. त्याच्याकडे धर्म शिकावयास आलेल्या कौशिक ब्राह्मणाला तो सांगतो की, नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात. या कथेने मांसाहाराची वकिली केलेली नाही. आपले हात पूर्णपणे स्वच्छ आहेत, हा अहंकार तेवढा काढून घेतला आहे. अहिंसेच्या विचाराने जो मांस मुळीच वर्ज्य करतो, त्याच्यापाशी नैतिक कारण आहे आणि ते आदरणीय आहे. परंतु बोकड खाणाऱ्याने रॅकून किंवा शेतातला उंदीर खाणाऱ्यास 'शी' म्हणावे, यात सवयीपलीकडे काय आहे?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. घर भाड्याने देताना नावगाव विचारण्याआधी 'तुम्ही काय खाता?' असे आपल्यापैकी कितीतरी जण विचारतात. आपले पूर्वज परमुलखात आले, तेव्हा आपल्यातील कोणाच्या सुकटीच्या वासाने माळव्यातल्या वा गुजरातेतल्या शेजाऱ्यांनीही नाक मुरडलेच असेल. तरीही त्यांनी शेजार दिला, म्हणून आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलो. दुसऱ्याचे ताट आपल्याला रुचलेच पाहिजे असे नाही. मात्र त्या ताटावरून माणसाची किंमत ठरविण्यापूर्वी, आपल्या मनात बोलते आहे ती नीती की नुसती जीभ, एवढे तपासून पाहणे आपल्याला शक्य आहे.