ओळखीचा क्रम

प्रेमात पडू पाहणाऱ्या दोन जीवांनी एकमेकांचा चेहरा पाहिलाच नाही, तर वर्णभेदाला शिरकाव करण्यास जागाच उरणार नाही, हा विचार आजकाल अमेरिकेत, आणि अमेरिकेकडे पाहून आपली मते बनविणाऱ्या आपल्याकडील सुशिक्षित वर्गातही, एखाद्या सिद्ध प्रमेयासारखा वावरू लागला आहे. २०२० च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने ‘लव्ह इज ब्लाइंड’ ही मालिका सुरू केली. तीत स्त्रीपुरुष मधल्या भिंतीच्या दोन अंगांस बसून बोलतात आणि परस्परांचे दर्शन होण्यापूर्वीच विवाहाचा निश्चय करतात. पहिल्याच पर्वात एका कृष्णवर्णीय तरुणीचा आणि एका गौरवर्णीय तरुणाचा विवाह झाला व तो टिकला, तेव्हापासून ते दांपत्य या प्रमेयाचा जिवंत दाखला म्हणून पुढे केले जाते. त्या दोघांच्या सुखाचा कोणाही सहृदय माणसाला आनंदच वाटेल. परंतु त्या सुखाच्या पायावर उभारलेला सिद्धान्त मला सर्वस्वी अमान्य आहे, कारण ज्या समाजाचा कैवार घेऊन तो मांडला जातो, त्याच समाजाच्या प्रेमाचा इतिहास त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. टोपणनावाआडून प्रेम करण्याची कल्पना कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणांत, विशेषतः विद्यापीठांत शिकणाऱ्या पिढीत, जेव्हा खऱ्या अर्थाने रुजली, तेव्हा आपला वंश लपविण्याचा हेतू तिच्या मुळाशी मुळीच नव्हता. आपली ओळख कोणत्या क्रमाने उलगडावी, हे ठरविण्याची मुखत्यारी त्यांना स्वतःच्या हाती हवी होती.

या कल्पनेचा आरंभीचा प्रवास वादातीत असल्यामुळे तो त्वरेने आटोपता येतो. गुलामगिरीत विवाहाला कायद्याचे अधिष्ठान नव्हते. मालकाच्या एका हुकमासरशी नवराबायकोची ताटातूट होई आणि तिची दाद कोणत्याही कचेरीत लागत नसे. मुक्त गुलामांच्या मदतीसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याच्या दप्तरी मुक्त झालेल्या जोडप्यांनी आपले विवाह नोंदविले, आणि ज्यांचे आप्त हरवले होते त्यांनी वृत्तपत्रांचा आश्रय केला. न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’मध्ये १८७९ पासून अशा शोधाचे एक सदरच चाले, आणि त्यातील पत्रांत पूर्वीच्या मालकांची नावे द्यावी लागत, कारण ताटातुटीचा माग लागण्यास तेवढाच धागा हाती उरलेला असे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, तो याच काळात. म्हणून मराठी वाचकाला या दुःखाची जात नव्याने सांगावी लागत नाही. लक्षात ठेवायचे ते इतकेच की, या माणसांचे निनावीपण दुसऱ्याने त्यांच्यावर लादलेले होते. कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांनी १९०३ मध्ये वर्णिलेला पडदा आणि राल्फ एलिसन यांच्या १९५२ मधल्या कादंबरीचा अदृश्य नायक हे दोन्ही याच लादलेल्या अदर्शनाविषयी बोलतात, आणि स्वेच्छेने घेतलेल्या आडोशाशी त्यांची गल्लत करणे हेच आजच्या गोंधळाचे मूळ आहे.

मुक्तीनंतर कृष्णवर्णीयांसाठी विद्यालये निघाली, फिस्क १८६६ मध्ये आणि हॉवर्ड १८६७ मध्ये, आणि त्यांच्या आवारात कृष्णवर्णीय तरुणतरुणींना, कोणा मालकाची परवानगी न घेता, परस्परांना भेटण्याची जागा मिळाली. परंतु त्या जागेवर अधिकाऱ्यांचा डोळा होता, आणि त्या डोळ्यामागे गौरवर्णीय देणगीदार काय म्हणतील याची धास्ती होती. फिस्कमध्ये अध्यक्ष फेएट मॅकेंझी यांच्या कारकिर्दीत विद्यार्थी आणि विद्यार्थिनी यांच्या भेटीगाठींवर, पोशाखावर, नृत्यावर इतके निर्बंध घातले गेले की, १९२४ च्या जूनमध्ये तेथेच शिकलेल्या ड्यु बॉइस यांनी तेथेच उभे राहून त्यांचा कठोर निषेध केला, पुढील वर्षी विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि एप्रिल १९२५ मध्ये मॅकेंझी यांना पायउतार व्हावे लागले. हॉवर्डमध्ये १९२२ पासून स्त्रियांच्या अधिष्ठाता असलेल्या ल्यूसी डिग्ज स्लो यांनीही सज्ञान विद्यार्थिनींना पोरांसारखे वागविण्यास सतत विरोध केला. आपल्याला कोणी, केव्हा आणि किती पाहावे याचा निर्णय आपला असावा, ही मागणी संगणक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी या आवारांत उच्चारली गेली होती.

प्रत्यक्ष न भेटता जुळलेल्या प्रेमाची दोन उदाहरणे येथे आवर्जून सांगितली पाहिजेत, कारण पुढील विवेचनाच्या दोन्ही बाजू त्यांत सामावल्या आहेत. कवी पॉल लॉरेन्स डनबार यांनी १८९५ मध्ये एका नियतकालिकात न्यू ऑर्लिन्सच्या स्ट्रेट विद्यापीठात शिकलेल्या ॲलिस रूथ मूर यांची कविता व छायाचित्र पाहिले आणि पत्र धाडले. दोन वर्षे हा प्रणय केवळ टपालाने चालला. १८९७ मध्ये प्रत्यक्ष भेट झाली, १८९८ मध्ये विवाह झाला, आणि १९०२ मध्ये पतीची मारहाण असह्य होऊन ॲलिस वेगळ्या झाल्या. दूर राहून ज्याला सुंदर पत्रे लिहिता येतात, त्याच्या सहवासात शीलाची कसोटी निराळ्याच ठिकाणी लागते, हे या कहाणीने कायमचे शिकविले आहे. दुसरे उदाहरण बॉस्टनचे. १९५२ च्या आरंभी तेथील विद्यापीठात शिकणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांना एका समाईक मैत्रिणीने कोरेटा स्कॉट या संगीताच्या विद्यार्थिनीचा दूरध्वनी क्रमांक दिला, आणि त्या दोघांचा पहिला परिचय केवळ आवाजाने झाला. प्रत्यक्ष पाहिल्यावर हा तरुण आपल्याला ठेंगणा वाटला, पण तो बोलू लागताच ते विसरले गेले, अशी नोंद कोरेटा यांनी स्वतः करून ठेवली आहे. १९५३ च्या जूनमध्ये त्यांचा विवाह झाला. येथेही दर्शन मागाहून आले. परंतु दोघेही कृष्णवर्णीय आहेत, दोघेही दक्षिणेतून उत्तरेत शिकायला आले आहेत, आणि दोघांनाही ओळखणारी एक व्यक्ती मध्ये जामिनासारखी उभी आहे, हे पहिल्या शब्दाच्या आधीच दोघांना ठाऊक होते.

आता त्या वळणाकडे येऊ, जे माझ्या मते सर्वत्र चुकीचे वाचले जाते. १९९७ मध्ये एमसीआय या दूरसंचार कंपनीची एक जाहिरात अमेरिकन दूरचित्रवाणीवर झळकली. इंटरनेटच्या जगात वंश नाही, लिंग नाही, वय नाही, व्यंग नाही, आहेत ती केवळ मने, असा तिचा आशय होता. तेव्हापासून या काळाचा इतिहास असा सांगितला जातो की, टोपणनावाच्या आड कृष्णवर्णीय माणसाचे शरीर गळून पडले आणि तो प्रथमच निखळ माणूस म्हणून वावरू लागला. ही मांडणी ऐकण्यास उदात्त वाटते. पण जेथे रंगाचा उल्लेख नाही तेथे समोरचा माणूस गोरा असल्याचे मुकाट्याने गृहीत धरले जाते, ही अमेरिकन समाजाची सवय ती मुळीच विचारात घेत नाही. वंश न सांगणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणीला तेथे निखळ माणूसपण लाभत नाही. तिला न विचारता गोरेपण बहाल केले जाते, आणि मग तिच्यावर जडलेले प्रेम हे अस्तित्वात नसलेल्या एका तिसऱ्याच स्त्रीवर जडलेले असते. पडदा दूर होण्याच्या क्षणी ती तिसरी स्त्री नाहीशी होते, आणि दोष मात्र खऱ्या स्त्रीच्या पदरात पडतो.

या जाहिरातीनंतर दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, ‘ब्लॅकप्लॅनेट’ हे संकेतस्थळ उघडले. ओमर वासो त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. फेसबुक अद्याप पाच वर्षे दूर होते. या संकेतस्थळाच्या नावातच वंशाची उघड घोषणा होती, आणि तरीही आत वावरणारे बहुसंख्य लोक टोपणनावाने वावरत. ते आपापले पान स्वतःच्या आवडीचे रंग आणि संगीत देऊन सजवीत, गप्पा मारीत, नोकऱ्या शोधीत, आणि प्रेमही करीत. या दोन घटना एकाच प्रवाहाच्या वाटू शकतात, पण वस्तुतः त्या परस्परविरुद्ध आहेत. जाहिरातीतले जग वंश झाकून व्यक्ती उघड करण्याचे आश्वासन देते. ‘ब्लॅकप्लॅनेट’वर वंश हा सर्वांच्या पायाखालची जमीन म्हणून आधीच मान्य झालेला असतो, आणि झाकलेली असते ती व्यक्ती, जी आपल्या मर्जीने, आपल्या गतीने प्रकट होते. जेथे आपल्या रंगाची कैफियत द्यावी लागत नाही, तेथेच मनुष्याला आपल्या स्वभावाविषयी बोलण्याची उसंत मिळते.

मग या आडोशाने झाकले तरी काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या जीवनात थोडे खोल शिरावे लागेल. एकाच वंशाच्या आत सावळ्या आणि उजळ छटांची उतरंड होती. तपकिरी कागदी पिशवीहून काळ्या त्वचेच्या माणसाला काही क्लबांत आणि मेजवान्यांत मज्जाव होता, ही आठवण त्या समाजात आजही जिवंत आहे. वॉलेस थर्मन यांनी १९२९ मध्ये लिहिलेल्या ‘द ब्लॅकर द बेरी’ या कादंबरीची नायिका विद्यापीठात जाते, आणि तिच्या गडद वर्णामुळे तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थीच तिला दूर ठेवतात. मोअरहाउस या कृष्णवर्णीय महाविद्यालयाचे पदवीधर असलेले दिग्दर्शक स्पाइक ली यांनी १९८८ च्या ‘स्कूल डेझ’ या चित्रपटात हाच कलह एका कल्पित कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या आवारात मांडला, तेव्हा घरातले भांडण चव्हाट्यावर आणल्याची तक्रार झाली. पण भांडण खोटे आहे, असे म्हणणे कठीण होते. त्यात भर बंधुसंघ आणि भगिनीसंघ यांची. १९०८ मध्ये हॉवर्डमध्ये स्थापन झालेल्या अल्फा कॅपा अल्फा या भगिनीसंघासारख्या संघांनी समाजाला मोठमोठे कार्यकर्ते दिले, परंतु त्यांच्या सदस्यत्वाने प्रतिष्ठेची एक पायरीही निर्माण केली. जेथे प्रत्येकजण प्रत्येकाच्या घराण्याविषयी, संघाविषयी आणि पूर्वीच्या प्रेमाविषयी जाणून असतो, तेथे एखाद्या लाजऱ्या मुलाने किंवा गडद वर्णाच्या मुलीने टोपणनावाने चार शब्द लिहिले, तर त्यांनी या छटांना आणि या पायऱ्यांना काही काळ दाराबाहेर थांबविले, इतकाच त्याचा अर्थ. ग्रंथालयात पलीकडच्या टेबलाशी बसलेली व्यक्तीच आपली पत्रलेखिका असू शकेल, ही शक्यता त्या प्रणयाला जमिनीवर ठेवते. आज ना उद्या समोरासमोर यायचेच आहे, हे दोघेही जाणतात.

हा भूमीचा आधार काढून घेतला की काय उरते, याचे पुरावे पुढील काळाने मुबलक दिले. २०१३ मध्ये निघालेले यिक यॅक हे ॲप विद्यार्थ्यांना आपल्या परिसरात निनावी लिहिण्याची मुभा देई. २०१५ च्या नोव्हेंबरात मिसूरी विद्यापीठात वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन चालू असता त्याच ॲपवरून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आडोसा तोच, पण तो बलिष्ठाच्या हाती गेल्यावर शस्त्र झाला. ओकेक्युपिड या डेटिंग संकेतस्थळाने २००९ मध्ये आपली आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा इतरांच्या संदेशांना उत्तरे देण्यात कृष्णवर्णीय स्त्रिया सर्वांत तत्पर, आणि त्यांच्या स्वतःच्या संदेशांना मिळणारी उत्तरे सर्वांत कमी, असे आढळले. त्यांना डावलणाऱ्यांत कृष्णवर्णीय पुरुषही होते. त्याच संकेतस्थळाने २०१३ च्या जानेवारीत ७ तास सर्व छायाचित्रे काढून टाकली. पहिल्या संदेशाला उत्तर मिळण्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी वाढले आणि संभाषणे अधिक खोल गेली; परंतु छायाचित्रे परत आली त्या वेळी जी सुमारे २,२०० माणसे संभाषणात गुंतली होती, त्यांची संभाषणे पाहता पाहता विरून गेली. प्रमेयाचे समर्थक पहिला आकडा सांगतात आणि दुसऱ्यापाशी गप्प बसतात. ७ तासांच्या त्या अंधारात पूर्वग्रह मेला नव्हता, थांबला होता. प्रकाश येताच तो आपल्या जागी परत आला.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल: समान वंश हा जर एवढा भक्कम आधार, तर डनबार दांपत्याचा संसार का मोडला? मोडला, कारण समान वंश शीलाची हमी देत नाही आणि पत्रेही देत नाहीत. म्हणून अनामिकतेला मी सद्‌गुण म्हणत नाही. ती एक मुभा आहे, आणि तिचे मोल दोन गोष्टींवर ठरते: ती कोणी कोणावर लादली की स्वतः घेतली, आणि पडदा सरल्यावर उभे राहण्यासाठी दोघांच्या पायांखाली काही सामायिक भूमी आहे की नाही. किंग आणि कोरेटा यांच्यापाशी ती भूमी होती, म्हणून ठेंगणेपणाचा पहिला ठसा पुसला गेला. आवारातल्या टोपणनावी प्रेमिकांपाशीही ती असते, म्हणून त्यांचा प्रणय खुला झाल्यावरही फुलू शकतो.

सारांश, कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणांच्या या प्रेमकथा वर्णभेदाच्या अंताचा पुरावा म्हणून वापरणे हा त्या तरुणांवर अन्याय आहे. आपला वंश त्यांनी कधी ओझे म्हणून खाली ठेवला नाही. त्यांनी फक्त आपली ओळख दुसऱ्याच्या नजरेच्या हुकमाने होऊ दिली नाही. आपल्याकडेही आडनाव गाळले की जातिभेद आपोआप सरेल, असे मोठ्या आशेने सांगणारे सज्जन आहेत, आणि त्यांच्या सद्‌हेतूविषयी मला शंका नाही. पण त्यांना माझी विनंती आहे की, लपण्याची जबाबदारी पुन्हा एकदा अन्याय सोसणाऱ्याच्या शिरावर टाकू नये. पाहणाऱ्याची नजर सुधारण्याचे काम पाहणाऱ्याचेच आहे, आणि कोणताही पडदा ते काम त्याच्याऐवजी करू शकत नाही.