तळहाताएवढी जागा

वेगवान मोटारीचे कौतुक करणारा माणूस इंजिनापासून सुरुवात करतो. अश्वशक्ती किती, शून्यापासून साठ मैलांचा वेग किती सेकंदांत गाठते, आवाज कसा येतो, आणि मग रंग. टायरांचा विषय निघालाच तर अगदी शेवटी, लग्नाच्या यादीत उशिरा आठवणाऱ्या सुपारीसारखा. वास्तविक मोटार पृथ्वीला टेकते ती फक्त चार जागी, आणि त्यांतील प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते. धावणे, वळणे, थांबणे हे सारे त्या चार तळहातांवर. दीड टन वजनाच्या आणि पाचशेच्या आसपास अश्वशक्तीच्या यंत्राचा जगाशी जो काही संबंध आहे, तो एवढाच.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवी, तेव्हा हा प्रश्न फार सोपा होता. चिखलात तीच धाव आणि फुफाट्यातही तीच. शिवाय बैलांचा वेगच इतका बेताचा, की चूक झाली तरी ती सावकाश होई. रबराचे तसे नाही. रबर ऋतू ओळखते. उन्हाळी टायरांचे रबर तापलेल्या डांबरावर मऊ होऊन खडीच्या कणाकणाला बिलगते. पण हवा सात अंश सेल्सिअसच्या खाली उतरली की तेच रबर ताठरू लागते, आणि कडाक्याच्या थंडीत वापरले तर त्याला तडे जाण्याचीही भीती असते. हिवाळी टायरांचे रबर थंडीत नरम राहते. त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरून ठेवतात. मात्र जुलैच्या उन्हात ते भराभर झिजते आणि वळणावर लिबलिबते. या दोघांच्या मध्ये उभा राहतो तो ‘ऑल-सीझन’, म्हणजे आपल्या भाषेत बारमाही टायर. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९७७ साली ‘टिएम्पो’ या नावाने तो बाजारात आणला, आणि आज तिकडच्या बहुतेक कौटुंबिक मोटारी कारखान्यातून बाहेर पडतात त्या बारमाही टायरांवरच.

कौटुंबिक मोटारीपुरता यात फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो स्पोर्ट्‌स कारच्या दाराशी. शेव्हरोलेची कॉर्व्हेट घ्या. १९५३ पासून अमेरिकन तरुणाच्या (आणि तरुण राहू इच्छिणाऱ्या पोक्त गृहस्थाच्याही) स्वप्नात येणारी ही गाडी. २०२० च्या मॉडेलात तिचे इंजिन प्रथमच चालकाच्या पाठीमागे गेले. साधी ‘स्टिंगरे’ आली ती मिशेलिनच्या बारमाही टायरांवर, पुढे १९ इंची आणि मागे २० इंची चाकांनिशी. आणि ‘झेड-५१’ नावाचा, शर्यतीकडे झुकलेला सरंजाम मागणाऱ्याला उन्हाळी टायर मिळाले. म्हणजे प्रश्न कारखान्यानेच ग्राहकाच्या पदरात टाकला.

मिशिगनमध्ये राहणाऱ्या आमच्या एका भाच्याने अशी उन्हाळी टायरांची गाडी घेतली आहे. तिच्यावर बारमाही टायर चढवावेत असे कोणी सुचवले, तेव्हा तो फोनवर मला म्हणाला, “मामा, वाघ भुकेला झाला म्हणून गवत खाईल का?” पलीकडून भाचेसुनेचा आवाज आला, “मग मामा, त्यांना सांगा, डिसेंबरात वाघाला पिंजऱ्यातच राहू द्या म्हणावं.”

विनोद सोडला तर दोघांच्या बोलण्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. तडजोड हा गुण की दोष? आपल्या भाषेत या शब्दाला दोन्ही वास आहेत. भांडण मिटवणारा तडजोड करतो, आणि तत्त्व सोडणाराही तडजोडच करतो. भाच्याचे म्हणणे असे, की सर्व ऋतूंसाठी असलेली वस्तू कोणत्याच ऋतूची नसते. श्रेष्ठ वस्तू घ्यावी आणि तिचे श्रेष्ठत्व मध्यमपणात बुडवावे, हा त्या वस्तूचा अपमान आहे. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कलेत, गाण्यात, अभ्यासात आपण हेच म्हणतो.

मध्यममार्गाचा विषय निघाला की ॲरिस्टॉटलचे नाव घेतले जाते, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने. त्याने आपल्या नीतिशास्त्रात मायलो या पहिलवानाचे उदाहरण दिले आहे. दहा शेर अन्न फार आणि दोन शेर थोडे, म्हणून वस्तादाने सरसकट सहा शेर वाढावे काय? मायलोला ते अपुरे पडेल आणि नवशिक्याला अजीर्ण होईल. (शेर माझे, ग्रीकांची मापे निराळी.) मध्य हा बेरजेला दोनाने भागून निघत नाही, ज्याच्या ताटात वाढायचे त्याच्याकडे बघून तो ठरतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार-विहाराला जे ‘युक्त’ हे विशेषण लावले आहे, त्याचाही रोख हाच. युक्त म्हणजे अर्धे नव्हे. जुळणारे, जोडले गेलेले.

तेव्हा बारमाही टायर उन्हाळी आणि हिवाळी टायरांच्या मधोमध आहे म्हणून तो शहाणपणाचा, असे म्हणता येत नाही. तो कोणाच्या ताटात वाढायचा? उत्तर कॅरोलिनात किंवा टेक्ससमध्ये, जिथे बर्फ पाहुण्यासारखा येतो आणि दोन दिवसांत जातो, तिथे तो युक्त आहे. मिशिगनमध्ये बर्फ पाहुणा नाही, पोटभाडेकरू आहे. एकदा शिरला की महिनोन् महिने हलत नाही.

आणि इथे टायराची निवड ही मालकाची खाजगी बाब उरत नाही. गाडीचा वेग मालकाचा, आनंद मालकाचा, हप्तेही मालकाचेच. पण थांबायला लागणारे अंतर मात्र समोरच्याचे असते. हिशेब शाळकरी आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या रस्त्यावर, ब्रेक दाबल्यापासून सुमारे ११ मीटरांत थांबते. पकड एक-तृतीयांश झाली की अंतर तिप्पट होते, ३३ मीटर. या वाढलेल्या २२ मीटरांत कोणीतरी रस्ता ओलांडत असते. शिवाय पकड ही एकच पुंजी आहे. महिन्याचा पगार जसा भाड्यात गेला की किराण्याला उरत नाही, तशी सारी पकड ब्रेकने खाल्ली की वळायला काही शिल्लक राहत नाही. चारी चाकांना ताकद देणारी गाडी घेतली म्हणजे हिवाळ्याची चिंता मिटली, असे मानणारे पुष्कळ आहेत. ती गाडी बर्फातून निघते झकास. थांबण्याच्या वेळी मात्र तिच्याजवळ इतरांसारखेच चार तळहात. टायराच्या कडेवर डोंगर आणि हिमकण यांची खूण असते, ती १९९९ पासून चाचणी उतरलेल्या टायरालाच मिळते. पण तिची मूळ अमेरिकन चाचणीसुद्धा टायर बर्फावर किती ओढतो हे मोजते, किती थांबवतो हे नव्हे. पुढे जाण्याचे गुण आधी मोजावेत, ही आपल्या सबंध युगाचीच खोड दिसते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की बारमाही टायर घेणारा सद्‌गृहस्थ जुलैत अगदी निर्दोष नसतो. ऊबदार हवेत, कोरड्यात आणि पावसातही, चांगला उन्हाळी टायर त्याच्यापेक्षा थोड्या अंतरात थांबतो. म्हणजे जानेवारीतल्या अनोळखी माणसासाठी केलेली तडजोड जुलैतल्या अनोळखी माणसाकडून काहीतरी वसूल करतेच. नीतीचे प्रश्न असे असतात. एका बाजूला चादर ओढली की दुसरीकडे पाय उघडे पडतात.

यावर कायद्यांनी काढलेले तोडगे मोठे पाहण्यासारखे आहेत. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात २००८ पासून हिवाळी टायरांची सक्ती आहे. सध्या ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी पंचांग बघून चालते. बर्फ पडो वा न पडो, तारीख आली की टायर बदला. जर्मनीने २०१० मध्ये नियम स्पष्ट केला तो उलट धर्तीवर: तारीख नाही, रस्त्यावर बर्फ, हिमकर्दम किंवा गोठलेला थर असेल तेव्हा योग्य टायर पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून तर तिथे डोंगर-हिमकणाची खूण असलेलेच टायर चालतात. क्यूबेक नागरिकाच्या विवेकावर विसंबत नाही. जर्मनी त्याच्यावर सोपवते आणि चुकला तर दंड करते. मला स्वतःला जर्मन रीत अधिक प्रौढ वाटते, पण सकाळी ऑफिसला उशीर झालेला माणूस खिडकीतून बर्फाकडे कोणत्या नजरेने बघतो हे आठवले, की क्यूबेकवाल्यांचेही पटते.

बारमाही टायराच्या जातीत एक मला फार आवडला. कॉन्टिनेन्टल कंपनीच्या ‘डीडब्ल्यूएस’ टायराच्या नक्षीतच ही तीन इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात: डी कोरड्या रस्त्यासाठी, डब्ल्यू ओल्यासाठी, एस बर्फासाठी. टायर झिजत जातो तसे आधी एस पुसले जाते. म्हणजे टायरच सांगतो, “बाबा, आता बर्फात मला नेऊ नकोस.” पुढे डब्ल्यू जाते, अखेर डी. आपण जिथे जिथे तडजोड करतो, नोकरीत, राजकारणात, घरात, तिथे अशी अक्षरे कोरलेली असती तर! सर्व ऋतूंचा म्हणवणारा माणूस आपली कोणती अक्षरे पुसली गेली आहेत हे क्वचितच तपासतो, आणि दुसऱ्याने दाखवलेले त्याला आवडत नाही.

मग मिशिगनच्या वाघाचे काय? माझ्या मते उत्तर अगदी रुक्ष आहे: दोन संच. एप्रिल ते ऑक्टोबर उन्हाळी टायर, नंतर हिवाळी, आणि दोन्ही आपापल्या चाकांवर कायमचे चढवलेले, म्हणजे बदलणे सोपे. आपण नाही का मृग निघाला की चामड्याच्या वहाणा माळ्यावर टाकून पावसाळी चपला काढत? दुसऱ्या संचाला पैसे लागतात, खरे. हजार डॉलरांच्या वरच. ज्याची ऐपत बेताची आणि ज्याला एकाच गाडीवर पोट भरायचे आहे, त्याने बारमाही टायर घेतला तर त्याला बोल लावण्याचा मला अधिकार नाही. पण कॉर्व्हेट घेणाऱ्याने टायरांच्या खर्चाची सबब सांगावी हे शोभत नाही. ज्याने दंड-बैठकांची हौस केली त्याने दुधाचा हिशेब करू नये. नाहीतर भाचेसुनेचा पिंजरा आहेच. बर्फाचे चार महिने गाडी झाकून ठेवण्यातही काही कमीपणा नाही.

राहता राहिली चाके. मोठ्या व्यासाचे चाक दिसते रुबाबदार, पण चाक मोठे झाले की टायराची कड पातळ होते, आणि खड्ड्याचा घाव थेट रिमवर बसतो. खड्डे ही केवळ आपल्या मुंबईची मिरास नव्हे; मिशिगनमध्ये फटीत शिरलेले पाणी गोठून फुगते, वितळते, पुन्हा गोठते, आणि वसंतात रस्ते चाळणीसारखे होतात. चाकाचे वजनही महत्त्वाचे, कारण ते स्प्रिंगच्या खालचे. जड चाक खाचखळग्यांतून उड्या मारते आणि तेवढा वेळ तळहात जमिनीपासून सुटतो. म्हणून ठोकून घडवलेले हलके चाक ओतीव चाकापेक्षा महाग असले तरी उन्हाळी संचाला सार्थ. हिवाळ्यासाठी, ब्रेकचा जबडा आत मावेल इतपत लहान चाक आणि जाड कडेचा टायर. दिसायला जरा बाळबोध, पण टिकाऊ. हे सारे मी भाच्याला लिहून कळवले. रिम काळे घ्यावेत की रुपेरी, हेही त्याने विचारले होते. ते मी भाचेसुनेवर सोपवले आहे.