आजोबा युद्धाबद्दल बोलत का नाहीत?

आपल्या घरात, नात्यात किंवा शेजारी असे एखादे वृद्ध गृहस्थ असतील, जे कधीकाळी लष्करात होते. भिंतीवर त्यांचा वर्दीतला फोटो आहे, कपाटात पदके आहेत. पण ‘लढाईत काय झाले?’ असे कुणी विचारले की ते म्हणतात, “झालं ते झालं,” आणि विषय बदलतात. अशा वेळी आपल्याला काय वाटते? ते काहीतरी लपवत आहेत असे? की आपण ऐकायला लायक नाही असे?

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत शिपाई होते. डिसेंबर १९७१ मध्ये ते जमालपूरच्या लढाईत होते. घरात आम्हाला एवढेच माहीत होते.

कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी त्या लढाईबद्दल वाचले. आजच्या बांगलादेशात, जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठी हे गाव आहे. तिथल्या पाकिस्तानी ठाण्याच्या पाठीमागे जाऊन आपल्या पलटणीने रस्ता अडवला होता. शरण या, असे पत्र ब्रिगेडिअर क्लेर यांनी पाठवले, तर उत्तराच्या पत्रासोबत बंदुकीची गोळी आली. १० डिसेंबरच्या रात्री त्या फौजेने कोंडी फोडून निघायचा प्रयत्न केला. त्यांचे दोनशेहून अधिक सैनिक त्या चकमकीत पडले. वाचताना अभिमानाने मन भरून आले. आमचे आजोबा तिथे होते!

विजय दिवसाला, १६ डिसेंबरला, मी गावी गेले. फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारले, “आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?”

ते काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले. रात्री जेवले नाहीत. आजी मला एवढेच म्हणाली, “त्यांना परत तिथं नेऊ नकोस, बाई.”

त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. ज्यांनी आपल्यासाठी सोसले, त्यांच्या आठवणींवर आपला हक्क आहे का?

मौनामागे काय असते?

या मौनाला आपण घाईने नाव देतो. कुणी त्याला विनय म्हणते, कुणी शिस्त, कुणी आजार. प्रत्येकात थोडे तथ्य असेल. युद्धाच्या मनावर होणाऱ्या आघाताला आज वैद्यकशास्त्रात नाव आहे, पण ते नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आले १९८० मध्ये. १९७१ साली गावी परतलेल्या तरुणाकडे त्यासाठी शब्दच नव्हता. झोप उडाली तर उडाली, पहाटे उठून तो शेतावर जात होता.

पण शब्द असते तरी ऐकणारा कोण होता? आपण प्रश्न विचारतो तेव्हा बहुधा उत्तर ठरवूनच विचारतो. आपल्याला शौर्यकथा हवी असते. त्यांच्याजवळ मात्र थंडी असते, भूक असते, शेजारचा सोबती गेला आणि आपण कसे राहिलो हे न सुटलेले कोडे असते. आपल्याला हवे ते सांगायचे तर खोटे बोलावे लागते. खरे सांगायचे तर नातीच्या मनात ते चित्र कायमचे सोडावे लागते. मग गप्प राहणे हाच मार्ग उरतो, आणि त्या गप्प राहण्यात आपल्यावरचे प्रेमही असते.

महाभारतातला एक प्रसंग इथे मला फार मोलाचा वाटतो. युद्ध संपल्यावर, निवांत वेळी, अर्जुन श्रीकृष्णाला म्हणतो की रणांगणावर तू मला जे सांगितलेस ते मी विसरलो, पुन्हा सांग. श्रीकृष्ण त्याला बोल लावतात आणि म्हणतात की ते तसेच्या तसे पुन्हा सांगणे आता शक्य नाही. मग ते दुसऱ्या रीतीने उपदेश करतात. अश्वमेधिक पर्वातला हा भाग अनुगीता म्हणून ओळखला जातो. ज्याला प्रत्यक्ष गीता सांगितली गेली, त्यालाही रणांगणावरचे शब्द जपून ठेवता आले नाहीत! मग पन्नास वर्षांपूर्वीच्या एका रात्रीचा नीट वृत्तांत आपण आपल्या आजोबांकडून कोणत्या तोंडाने मागावा?

पण सत्य सांगायला नको का?

आपण म्हणाल, सगळेच गप्प राहिले तर पुढच्या पिढीला युद्ध म्हणजे सिनेमाच वाटेल. हे खरे आहे. म्हणूनच सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंग युद्धाचे आकडे कोरून ठेवले: एक लाख मारले गेले, दीड लाख लोकांना नेले गेले, आणि त्याहून कितीतरी अधिक मेले. पुढे आपला पश्चात्तापही त्याने लिहिला. मात्र ओडिशात धौली आणि जौगड येथे, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगच्या भूमीवर, हा तेरावा लेख कोरलेला नाही. तिथे वेगळे लेख आहेत. मी त्यातून इतकेच घेते, की सत्य सांगायचेच असते, पण ते कुणासमोर आणि कुठे सांगायचे, हाही धर्माचाच प्रश्न आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे सत्य असावे, प्रिय आणि हितकर असावे, आणि त्याने कुणाला उद्वेग होऊ नये. लगेच पुढच्या श्लोकात मनाच्या तपात मौनाची गणना केली आहे. बोलणे आणि न बोलणे, दोन्ही तपेच आहेत. कोणते केव्हा करायचे, हे तप करणाऱ्याने ठरवायचे असते, बाजूला फोन घेऊन बसलेल्याने नाही.

एक मर्यादा मात्र मानली पाहिजे. मौनामुळे दुसऱ्या कुणावरचा अन्याय झाकला जात असेल, तर ती खाजगी गोष्ट राहत नाही. पण आपल्या घरातले मौन बहुतेक वेळा तसले नसते. ते जखमेवरच्या खपलीसारखे असते.

कॉमर्स शिकताना धनको आणि ऋणको हे शब्द आम्ही पहिल्यांदा शिकतो. मला वाटते, माझी चूक नेमकी तिथेच झाली होती. मी धनकोसारखी हिशोब मागायला गेले होते. वास्तविक मी ऋणको आहे. ऋणकोने वसुलीला जायचे नसते. त्याने हजर राहायचे असते, म्हणजे समोरच्याला कधी बोलावेसे वाटले तर कुणीतरी तिथे असेल.

हजर राहणे

नंतर मी विचारणे सोडले. सुट्टीत गावी गेले की संध्याकाळी त्यांच्याजवळ शेंगा फोडत बसत असे. पाऊस, गुरे, पेन्शनची कागदपत्रे, असेच बोलणे व्हायचे. असे दीड वर्ष गेले. मग एकदा, काही न विचारता, ते म्हणाले, “सकाळी एक पोरगं पडलेलं होतं, त्यांच्यातलं. त्याची बोली मला कळेना. पण ‘पानी’ म्हणाला, ते कळलं. मी माझी बाटली त्याच्या तोंडाला लावली.”

मी येथे अनुवादाची सेवा करते. कोणत्या शब्दाला मराठीत कोणता शब्द वापरावा, यात तासन् तास जातात. त्या एका शब्दाला मात्र अनुवाद लागला नाही.

तो मुलगा वाचला का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. अनुवादाचा पहिला नियमच आहे, की मुळात जे नाही ते आपण घालायचे नाही. आजोबा तिथे थांबले, तर मीही तिथेच थांबायला हवे. हा लेख पाठवण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “असू दे. फक्त नाव घालू नकोस.”

आपल्या घरी असे कुणी असेल, तर लगेच प्रश्न घेऊन जाऊ नका. लढाईऐवजी बराकीतले जेवण, पहिल्या रेल्वेप्रवासाची गंमत, सोबत्यांच्या खोड्या यांबद्दल बोला. ‘किती’ असे विचारू नका. फोन बाजूला ठेवा. रात्री दचकून उठणे, न बोलता झुरणे असे काही दिसले, तर वयाची सबब न सांगता डॉक्टरांकडे न्या. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे त्यांच्यासोबत रांगेत उभे राहा.

आणि ते कधीच बोलले नाहीत तर? तर त्यांच्या मौनालाही नमस्कार करा आणि शेजारी बसून राहा. आपले देणे फेडायला तेवढी जागा पुरेशी आहे.