भीतीचा पुरावा

निर्वासित कोणाला म्हणावे, याची व्याख्या १९५१ च्या जिनिव्हा करारात आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी आपला छळ होईल अशी सकारण भीती वाटते, म्हणून जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. व्याख्या चांगली आहे. तिच्या आधाराने असंख्य माणसे वाचली आहेत. परंतु तिच्यातल्या 'सकारण' या शब्दापाशी आम्ही वर्षानुवर्षे अडखळत आलो. भीती एकाची असते; ती सकारण आहे की नाही हे ठरवणारा मात्र दुसराच असतो, टेबलाच्या अलीकडे बसलेला. त्याच्या खिशात पासपोर्ट असतो. संध्याकाळी तो गाडीत बसून खोलीवर जातो, जेवतो, झोपतो. दुसऱ्याच्या भीतीचे वजन करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात रोहिंग्यांच्या छावण्यांत ज्यांनी 'प्रोटेक्शन'चे म्हणजे निर्वासित-संरक्षणाचे काम केले, त्यांपैकी आम्ही. तांदूळ वाटणाऱ्याचे, नळ बसवणाऱ्याचे, सुई टोचणाऱ्या डॉक्टरचे काम डोळ्यांना दिसते. आमचे दिसत नाही. आम्ही विचारतो, ऐकतो, लिहून घेतो आणि तो कागद पुढे पाठवतो. कोणाला धमकी आली, कोणाची मुलगी पळवली, कोणाचे मूल सीमा ओलांडताना हरवले, हे सारे आमच्या फायलींत असते. छावणीतल्या प्रत्येक भागाच्या मुकादमाला तिकडे 'माझी' म्हणतात. पहिले काही दिवस आमच्या मराठी कानाला तो शब्द फार गोड वाटला. पुढे सगळेच माझी तसे गोड नसतात हे कळले. असो.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या लष्कराने राखाइन प्रांतात जे केले, त्यामुळे काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. त्या वेळी भीतीचा पुरावा कोणी मागितला नाही; नाफ नदीच्या पलीकडून धूर दिसत होता. बांगलादेशाने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही (भारतानेही नाही), तरी त्याने दार उघडले, हे त्या गरीब देशाचे मोठे उपकार आहेत. कागदावर मात्र तो त्यांना निर्वासित म्हणत नाही. 'बळाने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक' असे म्हणतो. म्यानमारने १९८२ च्या कायद्याने ज्यांना नागरिकत्वाबाहेर ढकलले, त्यांना नागरिक म्हणणारा कागद शेजारच्या देशात निघतो. ही गंमत सांगून आम्ही एकदा एका वृद्धाला हसवले होते.

मुलाखतीची वेळ आली ती पुढे. तिसऱ्या देशात कायमचे वसवण्याचा मार्ग बांगलादेशाने २०१० मध्ये बंद केला होता, तो २०२२ च्या अखेरीस पुन्हा थोडा उघडला. छावण्यांत दहा लाखांच्या आसपास माणसे आणि जागा मोजक्या. आता भीती सकारण आहे एवढे पुरत नव्हते. कोणाची भीती जास्त, हे ठरवायचे होते.

२०२३ मधली एक मुलाखत सांगतो. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. बांबू आणि ताडपत्रीची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, चितगावचा दुभाषी. समोर तिशीतली एक बाई. तिची दोन मुले बाहेर बाकावर बसलेली. २०१८ च्या नोंदणीत तिच्या नवऱ्यापुढे 'बेपत्ता' असे लिहिले होते. आता ती म्हणत होती, मारला गेला, मी पाहिले. आमच्या भाषेत याला विसंगती म्हणतात. विसंगती न विचारता सोडली, तर पुढच्या टप्प्यावर परदेशी अधिकारी नेमके तिच्यावरच बोट ठेवतो आणि प्रकरण तिथे संपते. म्हणजे विचारणे तिच्याच हिताचे होते. आम्ही हळू आवाजात विचारले, पण विचारले.

ती दुभाष्याकडे न बघता आमच्याकडे बघत म्हणाली, "तेव्हा सासू जिवंत होती. नोंदणीच्या रांगेत माझ्या मागेच उभी होती. तिच्यासमोर मी कसं म्हणू?"

आम्ही लिहिले : 'विसंगतीचा खुलासा केला. खुलासा समाधानकारक.'

त्या मुलाखतीत तिने 'जुलूम' हा शब्द तीनदा वापरला. दुभाष्याने एकदा त्याचा अर्थ त्रास असा केला, दुसऱ्यांदा मारहाण असा केला आणि तिसऱ्यांदा तो गप्प राहिला. आम्हांला अर्थाची गरज नव्हती. तो शब्द आमच्याही घरातला आहे. परंतु फॉर्मवर जुलूम असा रकाना नाही.

कागद मागितला की छातीत काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आसामच्या नागरिक नोंदणीतून ऑगस्ट २०१९ मध्ये १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली, तेव्हा महाराष्ट्रातही कित्येक घरांत ट्रंका उघडून आजोबांचे शाळेचे दाखले शोधले गेले. आम्ही त्याच समाजातले. त्यामुळे टेबलाच्या अलीकडे बसून पुरावा मागताना आपण दुसऱ्याच कोणाच्या तरी खुर्चीत बसलो आहोत असे वाटे. एक म्हातारा तर सरळ म्हणाला, तुम्ही मुसलमान, मी मुसलमान, मग मध्ये हा कागद कशाला?

त्याला आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. नंतर मात्र पुष्कळ विचार केला. हबशाच्या हिजरतीची गोष्ट आपण लहानपणापासून वाअजमध्ये ऐकत आलो. कुरैशांचे वकील नजराणे घेऊन नज्जाशीकडे गेले आणि आमची माणसे परत द्या म्हणाले. नज्जाशीने नजराण्यांवर माणसे दिली नाहीत. पण न विचारताही ठेवून घेतली नाहीत. त्याने त्यांना दरबारात बोलावून विचारले. हजरत जाफर बोलले. दुसऱ्या दिवशी वकिलांनी नवा पेच टाकला : हे लोक हजरत ईसांविषयी काय म्हणतात ते विचारा. राजा ख्रिस्ती. खरे सांगितले तर आसरा जाण्याची भीती. तरी त्या मूठभर माणसांनी आपसांत ठरवले की जे खरे आहे तेच सांगायचे. वाअज करणारे मौलाना राजाच्या अश्रूंवर गोष्ट संपवतात. आम्ही मात्र अलीकडे त्या रात्रीपाशीच थांबतो. उद्या काय विचारतील, काय सांगावे, या चिंतेत बसलेली कुटुंबे आम्ही ताडपत्रीखाली पाहिली आहेत. छावणीत 'चांगली कहाणी' शिकवणारे दलालही असतात. खऱ्या दुःखावर खोट्याचा लेप देऊन घेणारा माणूस आम्हांला खोटारडा वाटत नाही. आपले खरे पुरेसे नाही असे त्याला कोणीतरी पटवून दिलेले असते.

हुदैबियाच्या तहाची आठवण याहून कठीण आहे. तहाची बोलणी पुरी होत असतानाच अबू जंदल बेड्या ओढत मुसलमानांकडे आले, आणि तहाच्या शर्तीप्रमाणे त्यांना परत द्यावे लागले. पैगंबरांनी (स.) त्यांना सबुरीचा सल्ला दिला. तिथे उभ्या असलेल्या सहाबांच्या मनाची काय अवस्था झाली, हे सीरतच्या ग्रंथांत आहे. पुढे मक्केहून स्त्रिया हिजरत करून आल्या, तेव्हा सूरह मुम्तहिनाची आज्ञा आली. आम्ही आलिम नाही, पण त्या आयतीची रचना आम्हांला विलक्षण वाटते. आलेल्या स्त्रियांची परीक्षा घ्या असे ती सांगते, लगेच त्यांच्या ईमानाचे खरे ज्ञान अल्लाहलाच आहे असे बजावते, आणि खात्री पटली तर त्यांना परत पाठवू नका असा हुकूम देते. विचारायचे आहे, पण विचारल्याने आपल्याला सगळे कळले असा ताठा धरायचा नाही. आणि उत्तर मिळाल्यावर त्या उत्तराने विचारणाराच बांधला जातो. आमच्या फॉर्ममध्ये पहिली गोष्ट आहे. उरलेल्या दोन असतीलच असे नाही.

न विचारण्यात दया असते, असे कोणाला वाटत असेल तर त्याने याच छावण्यांचा जुना इतिहास पाहावा. १९७८ मध्ये सुमारे दोन लाख रोहिंग्या इथे आले होते. त्यांनी परत जावे म्हणून शिधा अपुरा ठेवला गेला आणि मदत संस्थांनी ते चालू दिले, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या कॉक्स बाजार कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख ॲलन लिंडक्विस्ट यांनी १९७९ मध्ये लिहून ठेवले. सुमारे दहा हजार माणसे मेली, त्यांत बहुतेक मुले. १९९१-९२ मध्ये पुन्हा अडीच लाख आले. त्यांच्या परतीच्या वेळी प्रथम स्वतंत्र मुलाखती होत; १९९४ मध्ये त्या मागे पडून सामूहिक नोंदणी सुरू झाली. आपल्याला नाही म्हणता येते हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते, असे पुढच्या वर्षी मेडिसिन्स सान्स फ्रंटियर्सच्या पाहणीत दिसले. उलट ऑगस्ट २०१९ मध्ये म्यानमारने मंजूर केलेल्या ३,४५० जणांच्या यादीतील कुटुंबांना त्यांच्या झोपडीत जाऊन विचारण्यात आले. बस उभ्या होत्या. एकही जण चढला नाही. 'जायचे आहे का?' या साध्या प्रश्नाने त्या दिवशी माणसे राखली. त्या म्हाताऱ्याला द्यायचे उत्तर बहुधा हेच होते.

पण प्रश्नाचे उत्तर ही अमानत असते, आणि अमानतीच्या बाबतीत आम्हा लोकांचा हिशेब स्वच्छ नाही. २०१८ पासून छावण्यांत बोटांचे ठसे घेऊन नवी नोंदणी झाली. ही माहिती पुढे म्यानमारपर्यंत गेली आणि लोकांची संमती समजून-उमजून घेतलेली नव्हती, असा आरोप ह्यूमन राइट्स वॉचने जून २०२१ मध्ये केला. उच्चायुक्त कार्यालयाने तो नाकारला. विचारूनच दिली, असे सांगितले. आम्ही कोणाच्या बाजूने साक्ष देण्याइतके जवळ नव्हतो. तरी एवढे कळते की ज्या कार्डावर शिधा मिळतो त्या कार्डाच्या टेबलावर 'तुमची हरकत आहे का?' असे विचारले, तर भुकेला माणूस काय सांगणार? २०२३ मध्ये तर माणशी महिन्याची अन्नमदत १२ डॉलरवरून १० आणि मग ८ डॉलरवर आली. अशा वेळी होकार म्हणजे काय, याचा विचार आमच्या प्रशिक्षणात अर्ध्या तासात आटोपतात.

अजून एक गोष्ट आपल्यातच बोलायला हवी. २०१७ मध्ये आपल्याकडे जुम्म्याला रोहिंग्यांसाठी दुआ झाल्या, निषेध झाले. योग्यच झाले. पण कुतुपालाँगजवळ याच लोंढ्यातून आलेल्या काहीशे हिंदूंचीही एक लहान वस्ती उभी राहिली, हे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले? त्यांच्यातल्या ९९ पर्यंत माणसांना ऑगस्ट २०१७ मध्ये 'आर्सा' या रोहिंग्यांच्या सशस्त्र संघटनेने मारले, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने मे २०१८ मध्ये म्हटले. संघटनेने ते नाकारले. त्या वस्तीत काम करताना आमच्यापैकी काहींची नावे ऐकून बायका पदर ओढून गप्प बसत. आम्ही आतून दुखावलो. मग लक्षात आले की तिथे भीती सकारण होती आणि ती भीती आमच्या नावाची होती. सूरह तौबामध्ये पनाह मागणाऱ्या मुश्रिकालाही आसरा द्या आणि त्याच्या सुरक्षित जागी पोहोचवा असे आहे. ईमानाची अट नाही. आपल्या माणसासाठी रडणे सोपे आहे. ज्याला आपलीच भीती वाटते त्याला संरक्षण देणे हे काम.

आणि संरक्षण हा शब्द तरी आम्ही किती बेधडक वापरतो! मोहिबुल्लाह हे शिक्षक झोपडी-झोपडीत जाऊन मारल्या गेलेल्यांची नावे लिहीत. मार्च २०१९ मध्ये ते जिनिव्हात मानवाधिकार परिषदेसमोर बोलले. आपल्याला धमक्या येतात, असे त्यांनी सांगितले होते. २९ सप्टेंबर २०२१ च्या रात्री छावणीतल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ते आमच्यासारखेच विचारणारे होते, फरक एवढाच की संध्याकाळी छावणीबाहेर नेणारी गाडी त्यांच्यासाठी नव्हती. दुसऱ्या सकाळी आमच्या बैठकीत पहिला विषय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा होता.

त्या बाईची फाइल पुढे गेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेश स्थगित केला, तेव्हा ती अडकलेल्या फायलींत होती. खुलासा समाधानकारक होता.

मुलाखतीच्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. फॉर्मच्या शेवटी छापील प्रश्न असतो : तुम्हांला आम्हांला काही विचारायचे आहे का? बहुतेक लोक 'कधी?' एवढेच विचारतात. तिने विचारले, "हा कागद माझा मुलगा मोठा झाल्यावर वाचेल का? बाप बेपत्ता आहे असंच त्याला सांगितलंय."

आम्ही म्हणालो, कागद गोपनीय असतो, तुमच्या परवानगीशिवाय कोणी वाचणार नाही. दुभाष्याने ते सांगितले. तिने मान हलवली, टेबलावरचे कार्ड उचलून ओढणीच्या टोकाला बांधले आणि मुलांना हाक मारली. बाहेर पुढचे नाव पुकारले जात होते.