मतमोजणी आणि प्रमाणविचार

निवडणुकीत हरलेल्याने आपली हार कशाच्या आधारावर मान्य करावी, हा प्रश्न वरवर राजकीय वाटला तरी मुळात तो ज्ञानमीमांसेचा, म्हणजे एखादी गोष्ट खरी असल्याचे माणसाला कशाच्या बळावर कळते याची चिकित्सा करणाऱ्या शास्त्राचा आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची जी चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानली, त्यांपैकी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द (विश्वासार्ह व्यक्तीचे, म्हणजे आप्ताचे, सांगणे) ही तीन येथे महत्त्वाची आहेत. मतपत्रिकांच्या काळात उमेदवारांचे प्रतिनिधी गठ्ठे आणि शिक्के डोळ्यांनी पाहत, म्हणून निकाल बव्हंशी प्रत्यक्षावर उभा असे. इलेक्ट्रॉनिक यंत्र आल्यावर आकडा यंत्र सांगते आणि यंत्र बिनचूक आहे हे तज्ज्ञ सांगतात, त्यामुळे प्रत्यक्षाची जागा शब्दाने घेतली.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने 3 मार्च 2009 रोजी नेमक्या याच बदलावर बोट ठेवले. मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही विशेष ज्ञानाशिवाय नागरिकाला तपासता आले पाहिजेत, असे सांगून त्याने 2005 च्या संसदीय निवडणुकीतील यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. मात्र यंत्रे चुकल्याचा पुरावा नसल्याने निवडणूक रद्द केली नाही. निकाल खरा असूनही त्याची सिद्धता अपुरी असू शकते, हा सूक्ष्म भेद भारतातील वादात दोन्ही बाजूंकडून सहसा सुटतो.

भारताने मधला मार्ग काढला. व्हीव्हीपॅट या जोडयंत्रात छापलेली मताची पावती मतदाराला काचेआड सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच मतदान केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडली जातात व तेथील पावत्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडल्या जातात. उरलेल्या केंद्रांबाबतचा विश्वास हे अनुमान आहे. न्यायसूत्रांतील युक्तिवादाची घडणही अशीच आहे: मंत्र आणि आयुर्वेद यांचा पडताळा येतो, म्हणून त्याच आप्तांचे न पडताळता येणारे वचनही प्रमाण मानावे. हा युक्तिवाद टिकतो तो पडताळ्याचा भाग खरोखर प्रातिनिधिक असेल तरच, आणि नमुना केवढा असावा हे ठरवणे गणिताचे काम असले तरी केवढी शंका सहन करायची हे गणित सांगत नाही. सर्व पावत्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 रोजी फेटाळली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी, विधानसभा निवडणुकीतील आपल्या गावच्या आकड्यांवर शंका घेऊन, गावापुरते मतपत्रिकांवर मतदान घेण्याचे ठरवले आणि प्रशासनाने जमावबंदी लावल्यावर ते थांबवले. त्यांचा उमेदवार मतदारसंघातून निवडून आलेला होता, त्यामुळे ही निव्वळ हरलेल्यांची कुरकुर नव्हती. तरीही प्रमाण म्हणून तो प्रयोग लंगडाच ठरला असता, कारण निकाल कळल्यानंतर, साऱ्या राज्याचे लक्ष असताना दिलेले दुसरे मत पहिल्या मताचा पुरावा होत नाही. पहिल्या मताची साक्ष देऊ शकतील अशा पावत्या मात्र पेटीत होत्या, आणि त्या मोजण्याचा अर्ज नियमांनुसार उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने करायचा असतो. मतदाराला तो करता येत नाही.